शिवाप्पाची भरलेली मोटार

दुरुस्त केलेला पंखा कुणी परत आणला, की आमचा शिवाप्पा स्वतःच्याच थोबाडात मारून घेतो. पावणं पंखा धरून समोर उभं, आणि हा दोन्ही गालांवर सटासट. "पैसं नकोत. माझा हात खोटा पडला!"

मंगळवार पेठेत माझी पिठाची गिरण, शेजारी त्याचं दुकान. जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार भरायची, हा त्याचा धंदा. कुणी हलकी तार आणून दिली तर रस्त्यावर फेकतो. "ही बांध तुज्या म्हशीच्या गळ्यात!"

माझ्या गिरणीची मोटार त्यानं भरली तेव्हा माझी लेक शाळेत होती. आता तिची लेक कॉलेजात हाय. मोटार अजून कुरकुरलेली न्हाय.

परवा दुकानदारांची सभा झाली. कोटातला एक शहाणा टिकाऊ धंद्यावर बोलला. म्हणे, गिऱ्हाईक वरचेवर परत आलं पाहिजे, माल तसाच करा. मी चौथी नापास, पण उठलो. "माल टिकंना आणि धंदा टिकतो व्हय रं?"

सगळे हसले. माझ्यावरच. शिवाप्पा तेवढा हसला न्हाय. "बस खाली, तात्या. माझ्याकडं कोण येतंय?"

ते मात्र खरं. समोरच्या दुकानात वर्षात मरणारे पंखे, तिथं रांग. याच्या दारात मांजर. अख्ख्या पेठेला यानं वारा दिला, पण "शिवाप्पा, पंखा झकास चाललाय" एवढं सांगायला एक जण फिरकत न्हाय. बेइमान लेकाचे!

सोमवारी बघतो तर हा हत्यारं पोत्यात भरतोय. "बास झालं, तात्या. दुकान भाड्यानं देतो."

माझं डोकं फिरलं. तडक गिरणीत गेलो आणि जन्मात केलं न्हाय ते केलं. चांगल्या चालत्या मोटारीचा पट्टा माझ्या हातानं ढिला केला. मग ओरडलो, "शिवाप्पा, गिरण दळंना! तुझी मोटार गेली!"

पोतं खांद्यावर घेऊनच धावत आला. तोंड पांढरंफटक. हात गालाकडं निघाला, तो मी धरला. "आधी बघ तरी, येड्या!"

त्यानं मोटारीला कान लावला, वास घेतला. मग पट्ट्याच्या बोल्टाकडं बघत राहिला. बोल्टावर पिठाची बोटं उमटलेली. माझीच.

पाना काढून पट्टा ताणला. चहा आला तो सावकाश प्यायला. उठताना माझ्याकडं न बघता म्हणाला,

"उद्या परत ढिला हुईल बघ, तात्या. सकाळी यतो."