तांदळात आरवलेला कोंबडा

पाण्यात पडलेला फोन कसा वाळवायचा, हे कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा! दुकानदार लोक स्क्रू काढतात, फुंकर मारतात, मान हलवतात आणि शेवटी नवा फोन गळ्यात मारतात. मला यातलं काही लागत नाही. भरपूर तांदूळ आणि थोडा धीर, बस्स! आमच्या मसाकाच्या बाजारात हे मी इतक्या जणांना ऐकवलंय की हल्ली लोक मला लांबून बघूनच रस्ता बदलतात. फक्त स्वतः करून बघायची वेळ कधी आली नव्हती.

ती आली माझ्या भाच्याच्या क्वांजुलाला. क्वांजुला म्हणजे मुलाकडच्यांनी भेटींची रास घेऊन मुलीच्या घरी जायचं, नम्रपणे बसायचं आणि मुलगी मागायची. त्या दिवशी बिनसलं की लग्न मोडलं! आणि आमचा काटो तर आधीच दोन वर्षं ताटकळला होता. मुलीचे, म्हणजे नाब्बोसाचे, वडील सेबुग्वावो हे निवृत्त मुख्याध्यापक. "मुलगा चांगला आहे, पण त्याच्या घरची माणसं धांदरट आहेत," असं त्यांचं मत. ते बदलायला दोन वर्षं लागली.

म्हणून काटो मला आदल्या दिवशी बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, तिथं तुम्ही काही करू नका. बोलूसुद्धा नका. नुसते बसा. जमेल ना?"

"अरे, बसण्यात माझा हात कोण धरणार!" मी म्हणालो.

काटोची आई म्हणजे माझी थोरली बहीण. जुळ्यांची आई म्हणून सगळं गाव तिला मानानं नालोंगो म्हणतं, आणि तिचा आवाज चढला की गावच काय, गावातली कुत्रीसुद्धा गप्प होतात. मुलाच्या आईनं क्वांजुलाला जायचं नसतं, त्यामुळे ती घरी राहून तिथूनच सगळ्यांना नाचवत होती. घरात पाहुण्यांची ही गर्दी! त्याच दिवशी तिनं तिचा फोन माझ्या हातात दिला.

"हा ठेव तुझ्याजवळ. या गोंधळात कुणीतरी उचलेल. तुझ्याकडे सुरक्षित राहील."

साधाच बटणांचा फोन, पण ताईचा जीव की प्राण. घंटी म्हणून तिनं कोंबड्याचं आरवणं लावून घेतलं होतं. केळीच्या बागेत काम करताना दुसरं काही ऐकू येत नाही म्हणे. परिणाम असा की खरा कोंबडा आरवला तरी ती "हॅलो" म्हणते.

मी फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकला. इतक्यात ताई ओरडली, "पिंपात पावसाचं पाणी किती उरलंय बघ रे!"

मी वाकलो. पाणी किती आहे ते फोननं माझ्याआधी बघितलं!

बाहेर काढला तर काळाठिक्कर. बटणं दाबली, हलवला, देवाचं नाव घेतलं. काही नाही! पण मी घाबरलो का? मुळीच नाही. कोठीच्या खोलीत मुलीकडे न्यायची तांदळाची पोती तोंडं उघडून उभी होती. एका पोत्यात कोपरापर्यंत हात घालून फोन खोल पुरला. उद्या सकाळी काढू, कुणाला कळायचंही नाही!

"फोन कुठाय माझा?" ताईनं संध्याकाळी विचारलं.

"कोरड्या जागी आहे," मी म्हणालो. खोटं एक अक्षर नव्हतं.

सकाळी पांढरा पायघोळ कान्झू, वर कोट असा नटून मी कोठीत गेलो. कोठी रिकामी! बायकांनी पहाटेच पोती शिवून, वर केळीच्या सोपटाचे बंध बांधून ती गाडीत चढवली होती. सगळी एकसारखी! मी पळत जाऊन गाडीत मागं, पोत्यांवरच बसलो आणि मुलीचं गाव एम्पिगी येईपर्यंत एकेक चाचपत राहिलो.

आमच्या बाजूनं बोलणारा मुकीबी शेजारीच बसला होता. क्वांजुलात बोलायचं ते फक्त दोन्हीकडच्या बोलणाऱ्यांनी, आणि मुकीबीची जीभ अशी की बोकड विकायला बसला तर घेणारा गाय समजून घेऊन जाईल. तो म्हणाला, "मामा, तांदळाला गुदगुल्या करताय का?"

"प्रत बघतोय," मी म्हणालो.

रस्त्यात खड्डे इतके, की पोती हवेत उडत होती. त्यातल्याच कुठल्यातरी आदळआपटीत त्या फोनचं बटण दाबलं जाऊन तो सुरू झाला असणार.

मुलीच्या अंगणात समोरासमोर दोन मांडव. आम्ही शहाण्यासारखे रांगेत आत गेलो, बसलो. भेटी आल्या, पोती आली. मुकीबीनं सगळ्यांना हसवलं. मुख्याध्यापकांच्या ओठांचा एक कोपरासुद्धा हलला! मग आला महत्त्वाचा क्षण. मुलीच्या भावाला कोंबडा द्यायचा. हा कोंबडा भावानं घेतला की मुलगी तुमची. टोपलीतला गुबगुबीत कोंबडा लुतायानं, म्हणजे नाब्बोसाच्या भावानं, दोन्ही हातांनी घेतला. बायकांनी किलकाऱ्या मारायला तोंडं उघडली.

"कुकूऽऽच कू!"

आवाज तांदळाच्या राशीतून आला.

लुतायानं हातातल्या कोंबड्याकडे बघितलं. कोंबडा पोत्यांकडे बघत होता.

"कुकूऽऽच कू!"

मुलीची आत्या ताडकन उठली. मुलगा पसंत-नापसंत करायचा मान आत्याचा, त्यामुळे ती उठली की सगळे बसतात. "दुसरा कोंबडा?" ती म्हणाली. "हा कुणाच्या भावासाठी आणलाय? इथून पुढं आणखी कुठल्या दारात जायचंय तुमच्या मुलाला?"

अंगणात कालवा झाला! नाब्बोसानं ओंजळीत तोंड लपवलं. काटो घामानं निथळायला लागला. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "तरी मी म्हणत होतो."

आणि मी? मी बसलो होतो. बसण्यात माझा हात कोण धरणार!

लुतायानं पोतं फाडलं, हात घातला आणि ताईचा फोन वर काढला. तोवर त्याचं आरवणं थांबलं होतं. एवढ्यात मुकीबी उभा राहिला. त्याला खरं काय ते ठाऊक नव्हतं, पण खऱ्यावाचून त्याचं कधी अडलेलं नाही.

"व्याही मंडळी, आमचं गुपित फुटलं!" तो म्हणाला. "ही आमच्या विहीणबाईंना भेट! लेक दूर जाणार, तिचा आवाज आईला रोज ऐकू यावा, म्हणून! आणि भरल्या पोत्यातून का? तर या घरातला आवाज असाच भरलेला राहावा, म्हणून!"

नाब्बोसाच्या आईनं फोन हातात घेऊन डोळ्यांना पदर लावला. किलकाऱ्यांनी मांडव हलला.

"जुना दिसतोय," मुख्याध्यापक म्हणाले.

"टिकाऊ आहे!" मुकीबी म्हणाला.

मी मनातल्या मनात मुकीबीच्या पाया पडलो. वाटलं, सुटलो! ताईला नवा फोन घेऊन देऊ, काहीतरी सांगू. तेवढ्यात पुन्हा कोंबडा आरवला.

"पहिलाच फोन!" विहीणबाई लाजत म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं. पाणी प्यायलेला तो फोन हळू बोलणं विसरून गेला होता. ताईचा आवाज दोन्ही मांडवांत घुमला.

"कोण आहेस ग तू? चोरटी मेली! कधीची लावतेय शेजारणीच्या फोनवरून! ठेव माझा फोन खाली! आईबापांनी हेच शिकवलं का?"

"अहो, मला हा भेट मिळालाय," विहीणबाई चाचरत म्हणाल्या.

"भेट? कुणी दिली भेट?"

"मुलाकडच्यांनी."

"कुठल्या मुलाकडच्यांनी?"

"काटोच्या."

मग ताई म्हणाली, "मी काटोची आई बोलतेय."

मुकीबी खाली बसला. मुख्याध्यापक उठले आणि घराच्या दाराकडे वळले. ते आत गेले की सगळं संपलं, हे अंगणातल्या प्रत्येकाला कळत होतं. काटोनं माझ्याकडे बघितलं. आईचा फोन कुणाकडे होता ते त्याला ठाऊक होतं. एवढी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती. पोरानं माझ्याकडे एकच मागितलं होतं, नुसतं बसायचं.

मी उभा राहिलो.

"मध्ये बोलल्याबद्दल दंड!" त्यांच्याकडचा बोलणारा ओरडला.

"लावा दंड!" मी म्हणालो. "पण फोन मी पाण्यात पाडला. ताईला सांगायची छाती झाली नाही म्हणून तांदळात लपवला. काटोला यातलं काही माहीत नाही."

"पाण्यात पाडलास?" फोनमधून ताई गरजली.

"ताई, पण वाळला ना!"

मुख्याध्यापक दारातून परत फिरले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. गृहपाठ न केलेल्या पोरासारखे मी हात मागं बांधले.

"म्हणजे दुसरी मुलगी नाही?"

"नाही, साहेब."

"दुसरा कोंबडा नाही?"

"नाही."

"फक्त तुम्ही आहात."

"हो. फक्त मी."

त्यांनी काटोकडे बघितलं, फार कीव आल्यासारखं. मग माणूस हसला हो! आधी पोट हललं, मग चष्मा. "एवढा मामा सांभाळला या मुलानं," ते म्हणाले, "तर माझी लेक नक्की सांभाळेल." लुतायानं कोंबडा पोटाशी धरला आणि किलकाऱ्यांनी कान बसले.

फक्त एक गोष्ट राहिली होती. आत्या म्हणाली, "अंगणात भेट म्हणून बोललेली वस्तू माघारी जात नाही. फोन तर हवाच." सगळ्यांच्या नजरा माझ्या कोटाच्या खिशाकडे वळल्या. माझा नवाकोरा, मोठ्या पडद्याचा फोन! काटोनं शांतपणे हात पुढं केला.

तरी परतताना मी खुशीत होतो. भाच्याचं जमलं, ताईचा फोन खिशात होता आणि एवढं गरजल्यावर तो आता कायमचा मुका झाला होता. म्हणजे रस्ताभर ताईला मला झापता येणार नव्हतं!

गाडी घराकडे वळली तर ताई अंगणात, पिंपाशेजारी उभी. हातात भरलेली बादली.

"ये," ती म्हणाली. "आता तू किती वेळात वाळतोस ते बघू."

आणि मंडळी, तांदळानं कान्झू वाळत नाही, हेही आता तुम्ही मलाच विचारा.