रंगाचं खातं मंडळीकडं

इंगोले सर पेपर वाचतात, पण त्यात फूल सुकल्यावर.

सकाळी आलेला अंक ते उघडत नाहीत. घडी तशीच दाबयंत्रात जाते, तिच्या पोटात मेळघाटातलं एखादं झुडूप निजतं, वर लाकडी फळ्या येतात आणि पट्टे आवळले जातात. झुडूप वाळलं की सर चष्मा लावून बातम्या वाचतात. त्यामुळे अमरावतीत त्यांच्या घरापुरता काळ जरा मागे चालतो. एकदा भर बाजारात त्यांनी मला गाठून एका मंत्र्याच्या राजीनाम्याबद्दल हळहळ व्यक्त केली. तोवर त्या मंत्र्याला दुसरं खातं मिळून गेलं होतं.

मी त्यांच्या शेजारी राहतो आणि वर्तमानपत्रात काम करतो. सरांच्या दृष्टीने मी टीपकागदाच्या धंद्यात आहे.

"तुमचा पेपर चांगला आहे, भाऊ," ते पहिल्याच भेटीत म्हणाले. "लई पाणी शोषते. जाहीर नोटिशीचं पान तर एक नंबर."

"आणि संपादकीयाचं?"

"ते आधीच कोरडं असते."

सर अकोल्याच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत होते. निवृत्तीनंतर अमरावतीला आले, कारण इथून मेळघाट जवळ. पावसाळा ओसरू लागला की ते वनखात्याची परवानगी खिशात घालून डोंगरात जातात. पायात गमबूट, गळ्यात भिंग, कमरेला खुरपं आणि पाठीवर दाबयंत्र. या वेशामुळे धारणीकडच्या गावांत त्यांना वैद्य समजतात. एकदा दात दुखणारा एक माणूस त्यांच्यापुढे येऊन बसला. सरांनी हातातल्या झाडाचं लॅटिन नाव त्याला दोनदा स्पष्ट म्हणून दाखवलं. माणूस समाधानाने उठून गेला. पुढच्या खेपेला तो भावजयीला घेऊन आला.

सरांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. जन्मापासूनच. ही गोष्ट गल्लीभर माहीत आहे, कारण सिंधूकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ती कधी लपवली नाही. "मिरची पिकली का कच्ची, हे यायले मी सांगतो म्हणून समजते," असं त्या म्हणत. "मले पाहाले आले तवा लाल पातळ नेसली होती मी. घरी जाऊन मायले म्हणे, पोरगी चांगली आहे, पण मातकट कपडे घालते."

वनस्पतीशास्त्रज्ञाला हे जड जातं. वाळलेल्या फुलाचा रंग उडतो. म्हणून फूल ताजं असतानाच रंग नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहून ठेवायचा, ही या कामाची रीत. सरांनी ती बाजू लग्नानंतर काकूंवर सोपवली. "रंगाचं खातं मंडळीकडं आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काकूंनी खातं मन लावून सांभाळलं. वर्षानुवर्षं त्या सरांबरोबर डोंगर चढल्या, दगडावर बसून डबा सोडला आणि फुलांचे रंग सांगितले. 'जांभळा', 'पिवळा' असले शब्द त्यांना पुरत नसत. सरांच्या पेट्यांतल्या चिठ्ठ्यांवर 'उन्हाळ्यातल्या ताकाचा पांढरा', 'हळदीच्या साडीचा, दोन धुण्यांनंतर', 'वांग्याचा, देठाजवळचा' असे रंग आहेत. बाहेरगावच्या एका तज्ज्ञाने यावर हरकत घेतली होती. सरांनी त्याला जेवायला बोलावलं आणि काकूंना वांग्याची भाजी करायला लावली.

पुढे काकूंचे गुडघे गेले. तेव्हापासून फुलंच त्यांच्याकडे येतात. स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्यात, जिवंत पोचतील अशा घाईने.

या वर्षी मी सरांबरोबर गेलो. जीप परतवाड्याच्या सलीमभाईंची होती. वीसेक वर्षं तेच सरांना नेतात. सरांचं डोकं नेहमी खिडकीबाहेर आणि एक हात सलीमभाईंच्या खांद्यावर असतो. झाड दिसलं की खांदा दाबला जातो.

"सर, मैं रस्ता देखूँ के झाड देखूँ?"

"तू रस्ता पाय. झाड मी पायतो."

"और पीछे से एसटी आई तो?"

"तिले सांग, थांब म्हणा."

सेमाडोहच्या अलीकडे एका ओल्या कड्यापाशी खांदा इतक्या जोरात दाबला गेला की जीप आडवी उभी राहिली. सर उतरले, चिखलात बसले आणि भिंग डोळ्याला लावलं. कडाभर बोटभर उंचीची झाडं होती, तेरड्याच्या कुळातली. सरांना ती पूर्वी दोनदा भेटली होती, पण दोन्ही वेळा फुलं गळून गेल्यावर. या झाडाचं फूल त्यांच्या एकाही पेटीत नव्हतं. आता प्रत्येक झाडावर होतं.

"हे लई नाजूक काम आहे," ते म्हणाले. "तेरडं दाबलं का चॉकलेटी होते. पन्नास वर्षांनी कोणी पेटी उघडली, तर त्याले खोकल्याची गोळी दिसन. रंग फक्त चिठ्ठीवर राहते. दुपारनंतर हे मान टाकते. घरी पोचा लागते."

"रंग तर आत्ताच लिहिता येईल," मी म्हणालो. "गुलाबी आहे."

"कोणाच्या घरचा गुलाबी?"

सलीमभाईंनी मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाले, "गुलाबीच आहे सर. फर्स्ट क्लास गुलाबी."

"तुमी दोघं गुलाबी म्हणून राहिले, ठीक आहे," सर म्हणाले. "पण खातं तुमच्याकडं नाही."

दोन झाडं दाबयंत्रात गेली. एक मुळासकट डब्यात गेलं. परतीच्या वाटेवर सरांनी डबा मांडीवर धरला होता आणि चहाला थांबू दिलं नाही. घाटातल्या वळणांवर ते डब्याला हळू आवाजात "झालं, झालं" म्हणत होते. परतवाड्यात बैलबाजाराची गर्दी लागली. सर खाली उतरून बैलांना हाताने बाजूला करू लागले. एका शेतकऱ्याने विचारलं, "काय नेऊन राहिले, मास्तर? पेशंट आहे काय?"

"हो," सर म्हणाले.

अमरावतीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सरांनी डबा उघडून पाहिला. फूल टवटवीत होतं. मी खात्री करून घेतली. गुलाबीच होतं.

काकू खिडकीपाशी खुर्चीवर होत्या. त्यांनी डबा घेतला, फडकं बाजूला केलं आणि झाडाचं खोड, पानं बोटांनी चाचपली. मग डबा उजेडाकडे धरला. त्यांची नजर डब्याच्या जरा डावीकडे, खिडकीच्या गजावर होती.

"हे तर आमच्या अकोटकडचं जवस," त्या म्हणाल्या. "जवसाच्या फुलाचा निळा. सकाळी सकाळी वावरात उघडते ना, तवाचा."

सलीमभाईंनी तोंड उघडलं. "भाभी, वो तो गुला..."

"सलीम," सर म्हणाले, "गाडी लोकाच्या दारात लागली आहे. काढ बरं पहिले."

गाडी सरांच्याच दारात होती. सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं आणि ते बाहेर गेले.

काकूंनी आमच्यासाठी चहा ओतला. ओतताना त्यांचं एक बोट कपाच्या आत, काठाशी होतं. चहा बोटाला लागला की त्या थांबत होत्या. सर दुसरीकडे पाहत होते.

नंतर ते मला अंगणात घेऊन गेले.

"साखरेनं गेले डोळे," ते म्हणाले. "उजेड समजते, बाकी अंदाज. डॉक्टरकडं मीच नेतो. तिथं ती मले बाहेर बसवते. तिले वाटते, मले माहीत नाही."

"तुम्ही सांगत का नाही, माहीत आहे म्हणून?"

"सांगतलं तर काय म्हणन? म्हणन, आता दुसऱ्या कोणाले विचारत जा." त्यांनी भिंग गळ्यातून काढून शर्टाला पुसलं. "मले दुसऱ्या कोणाले विचाराचं नाही ना."

मी नमुन्याचं काय, असं विचारलं. सरांचा चेहरा वर्गातल्यासारखा झाला.

"सलीमचा फोटो खाली चिकटवतो. शास्त्राचं नुकसान नाही होऊ देत मी. वर निळा, खाली गुलाबी. कोणी पाहीन तर म्हणन, इंगोले येडा होता."

"मग?"

"म्हणू दे. खोटं थोडी आहे?"

ते ओट्यावर बसले, कोरी चिठ्ठी मांडीवर घेतली आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं. आतून काकूंचा आवाज आला.

"अहो, लिवलं काय? जवसाचा म्हणून लिवा. नुसता निळा नोका लिवू."

"लिवलं!" सर ओरडून म्हणाले.

मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं.