मंगळ मोकळा, शनी बाकी

अमेरिकेचं यान मंगळावर उतरलं, त्याच महिन्यात कृष्णात मास्तरांच्या विजयमालेच्या लग्नाचा प्रश्न विज्ञानाच्या कक्षेत आला. तिच्या पत्रिकेत कडक मंगळ होता. मास्तर इस्लामपुरात विज्ञान शिकवत. पत्रिका मुळीच मानत नसत. फक्त प्रत्येक स्थळाला पाठवत.

शहात्तर सालचा पावसाळा. पेपरातला मंगळाचा फोटो कापून मास्तर मदनच्या घरी गेले. मदन विजयमालेला मनापासून आवडला होता. अडला होता तो मंगळ. मदनचे वडील लालासाहेब, फौजेतले निवृत्त सुभेदार. त्यांनी फोटो उलटसुलट करून निरखला.

"आवं मास्तर, ह्यो तर आमच्या डोंगराकडचा माळ! नुसतं धोंडं!"

"तेच म्हणतो. यान तिथं उतरलं, माती उकरली. त्याला काही झालं?"

सुभेदार विचारात पडले. "आमी फौजेतली मानसं. पुढची तुकडी जाऊन वाट मोकळी म्हनाली, की इस्वास ठेवायचा. मंगळ माफ! बोला, कवा उडवायचा बार?"

आणि खुशीत त्यांनी मदनची पत्रिकाही पुढे सरकवली. मास्तरांनी ती न मानता वाचली.

"सातव्या घरात शनी दिसतोय."

"मग?"

"मी मानत नाही हो. पण पद्धत म्हणजे पद्धत. मंगळाची पाहणी झाली, शनीची कुठं झालीय? यान निघालंय. एकोणऐंशीत पोचेल."

"आवं, तवर पोरं म्हातारी हुतील!"

"शास्त्राला घाई चालत नाही, सुभेदार."

(इथे लग्नाचं वर्णन यायचं होतं. जागा राखून ठेवली आहे.)

. . . . . .

एकोणऐंशीत यान शनीपाशी पोचलं. शनीची कडी शाबूत, यानही शाबूत. मास्तर पेपर घेऊन धावत सुटले. सुभेदारांच्या अंगणात मदनचं पोरगं रांगत होतं.

"शनी निर्दोष आहे, सुभेदार!"

"लय बेस झालं," सुभेदार म्हणाले. "सूनबाई, मास्तरास्नी च्या आन."

घरी विजयमाला दारातच उभी होती.

"अण्णा, कुपवाडचं स्थळ आलंय. मुलगा कारखान्यात फिटर आहे. पण त्याला राहू आहे म्हणतात. तिकडं यान कधी सुटतंय?"

मास्तर खाली बसले. राहू हा ग्रहच नाही, आकाशात तसलं काही नाही, हे ते दरवर्षी वर्गात शिकवत. मग यान उतरणार कशावर?

त्यांनी कुपवाडला निरोप धाडला : जरा थांबावं.

हसलात? बरं केलंत. आता तुमच्या लेकीची जन्मवेळ सांगा पाहू.

बघा, मिनिटासकट पाठ आहे.