ज्याचं ओझं त्याच्या पाठीवर

बायको खोलीत डोकावली तेव्हा गोदामप्रमुख सॅकवर गुडघा रोवून तिची चेन ओढत होते.

"डोंगरावर चाललाय की घर सोडून?" तिने विचारलं.

"गरजेपुरतंच घेतलंय."

"इस्त्री राहिली."

गोदामप्रमुखांनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली. जागा नव्हती.

ते औषधांच्या एका गोदामाचे प्रमुख होते. ज्या वस्तूची जी फळी, त्या फळीवर ती वस्तू, हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान; त्यावर नोकरी आणि संसार दोन्ही बरे चालले होते. फक्त मुलगी सतरा वर्षांची झाल्यापासून कुठल्याच फळीवर सापडत नव्हती. घरात असायची, पण दाराआड; बोलायची, पण फोनशी. तिच्या युवक गटाबरोबर डोंगरात जाणारे एक गृहस्थ ऐन वेळी कंबर धरून बसले आणि दुसरं मोठं माणूस मिळालं नाही तर मोहीम रद्द, असा निरोप आला. तेव्हा गोदामप्रमुखांनी इतक्या चपळाईने हात वर केला की खांद्यात उसण भरली.

मुलीने अटी घातल्या. "तिथे मला लाडाच्या नावाने हाक मारायची नाही. कसलीही मदत करायची नाही. ताई यंदा पुढच्या वर्षीचा गटप्रमुख निवडणारेय, तू माझी वाट लावू नकोस. आणि बाबा, 'सावकाश' हा शब्द तर काढायचाच नाही."

"पाय घसरत असला तरी?"

"तरी."

ताई म्हणजे गटाची म्होरकी. गळ्यात शिट्टी असे आणि निम्मं बोलणं ती शिट्टीतूनच करी, म्हणून मुलं तिला शिट्टीताई म्हणत. पायथ्याशी तिने सामान वाटलं: मोठ्या तंबूचं कापड एकाकडे, दोऱ्या दुसऱ्याकडे, काठ्या गोदामप्रमुखांच्या मुलीकडे. "ज्याचं ओझं त्याच्या पाठीवर. दुसऱ्याचं कुणी उचलायचं नाही. कुठली वस्तू कुणाकडे हे डोंगरात कळलं नाही, की सगळे अडकतात. नियम मोडेल तो भांडी घासेल."

गोदामप्रमुख टाळ्या वाजवणार होते. इतकं शुद्ध विचारधन त्यांना वरिष्ठांकडूनही कधी मिळालं नव्हतं.

पहिला दिवस त्यांनी नियम पाळला. दुसऱ्या दिवशी उभा चढ लागला आणि पुढे चाललेल्या लेकीची वाकलेली पाठ त्यांना दिसू लागली. पहिल्या विसाव्याला ती बाजूला गेल्याचं पाहून त्यांनी तिच्या सॅकमधून काठ्या काढल्या आणि आपल्या चटईच्या गुंडाळीत सारल्या. ही काही मदत नव्हे, त्यांनी स्वतःला बजावलं. ही मालाची अंतर्गत हलवाहलव आहे.

नवल म्हणजे त्यानंतर त्यांची सॅक जड होण्याऐवजी प्रत्येक विसाव्यानंतर हलकी होत गेली. झऱ्यापाशी पाणी भरून निघाल्यावर तर ती पाठीवर आहे की नाही तेच कळेना.

"काका, दमला नाहीत?" एकाने धापा टाकत विचारलं.

"शरीराला सवय लागते रे," गोदामप्रमुख म्हणाले आणि शीळ घालू लागले.

खिंडीत पोचले तेव्हा वारा सुटला होता आणि ढग खाली उतरत होते. शिट्टी वाजली.

"कापड?"

"हे!"

"दोऱ्या?"

"ह्या!"

"काठ्या?"

मुलीने सॅक उघडली. आतून लोखंडी थर्मास निघाला, मग गुडघ्याला चोळायचं तेल, लोकरी मफलर, एक विजेरी आणि त्या विजेरीला काही झालं तर म्हणून दुसरी विजेरी. काठ्या नव्हत्या.

"काका, हे तर तुमचं!" मुलं म्हणाली.

गोदामप्रमुखांनी घाईघाईने आपली सॅक उघडली. तिच्यात काठ्या नव्हत्या, चटईही नव्हती. आयुष्यात प्रथमच त्यांच्या ताब्यातला माल कमी भरला होता.

"ताई," ते म्हणाले, "काठ्या मी काढून घेतल्या होत्या. तिला न सांगता. तिचा दोष नाही."

"माझाही आहे," मुलगी म्हणाली. "त्याच्या सॅकमधलं एकेक मी काढत होते. त्याचे गुडघे दुखतात, पण सांगत नाही. आमच्या जिन्यात मधल्या मजल्यावर फोन आल्याचं नाटक करून थांबतो. झऱ्यापाशी चटई काढली, फारच जड लागली. तेवढ्यात तो आला, म्हणून खडकामागे टाकली आणि बुटाची नाडी बांधत बसले. मग तू शिट्टी मारलीस."

शिट्टीताईने तोंडातली शिट्टी काढली. असं क्वचितच घडे.

"म्हणजे हिचं ओझं यांच्याकडे, यांचं हिच्याकडे, आणि काठ्या झऱ्यापाशी." तिने आभाळाकडे पाहिलं. "उजेड आहे तोवर दोघं जाऊन या."

दोघं झऱ्याच्या दिशेने उतरू लागले.

"ते फोनचं कधी कळलं?" गोदामप्रमुखांनी विचारलं.

"तू फोन उलटा धरतोस."

"आईला सांगू नकोस."

"आईनेच तर मला दाखवलं."

आणखी थोडं उतरल्यावर त्यांनी धीर केला. "तुझं दार सारखं बंद का असतं?"

"तू सारखं काही ना काही आणून ठेवतोस म्हणून. पाणी, चार्जर, सोललेलं संत्रं."

"तुला लागतं ना?"

"लागतं. पण मला मागू तर दे कधी. मागायला काही उरतच नाही, मग बोलायचं काय तुझ्याशी?"

मागणीच्या आधी माल पोचवल्याबद्दल कामावर गोदामप्रमुखांना शाबासकी मिळत असे. घरी ती पद्धत नसावी, हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

गुंडाळी खडकामागे तशीच पडली होती. दोघांचे हात एकदमच पुढे झाले.

"दे, मी घेतो."

"काठ्या माझ्या आहेत, बाबा."

हात मागे घेणं गोदामप्रमुखांना सगळ्या चढापेक्षा अवघड गेलं. पण त्यांनी घेतला. चटई तेवढी स्वतःच्या खांद्यावर टाकली. ती त्यांची होती.

वर पोचले तेव्हा मुलं खडकाच्या आडोशाला कापड बांधून दाटीवाटीने बसली होती आणि गरम भात खात होती. काठ्यांची कुणाला आठवणही नव्हती.

"भांडी तुम्हा दोघांची," शिट्टीताई म्हणाली.

"आणि ते... गटप्रमुखाचं?" मुलगी विचारेना, म्हणून गोदामप्रमुखांनी खालच्या आवाजात विचारलं.

"नियम मोडला, पण कुणी विचारायच्या आत सगळ्यांसमोर सांगितलं. पुढच्या वर्षी तीच. पण माझी एक अट आहे."

"बोला ना."

"तुम्ही घरी थांबायचं."

परतीच्या उताराला सगळी सुटी खडी होती. मुलगी काठ्या घेऊन पुढे, गोदामप्रमुख मागे. तिचा पाय दोनदा घसरला. दोन्ही वेळा तो शब्द त्यांच्या दातांपर्यंत आला आणि त्यांनी तो गिळला. तिसऱ्यांदा घसरला तो त्यांचाच पाय.

"बाबा, सावकाश!"

सगळी मुलं वळून पाहू लागली. गोदामप्रमुखांना अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.