शुभाबाईंची पावले गमबुटांतून सोडविल्याची हकीकत

श्रीगजानन कृपा करो, लेकरे निरोगी राहोत आणि पाऊस आपल्या पायरीने राहो. मुलुंड प्रांती, शके अठराशे सत्त्याहत्तर, श्रावणमासी जी मोहीम जाहली, तिची खबर कोठे नोंदली न गेल्यास पुढील आया गाफील राहतील, सबब जैसे घडले तैसे लिहिले असे.

ते समयी स्टेशनाचे पूर्वेस एका दुमजली इमारतीचे तळमजल्यावर राजमान्य राजश्री शरच्चंद्रपंत, फोर्टातील विमाकचेरीचे कारकून, आपल्या मातोश्री विमलाबाईसाहेब आणि पत्नी वसुधाबाई, बी. ए., यांसह नांदत होते, आणि कन्या शुभाबाई, उमर वर्षे पाच, या त्या दौलतीच्या खऱ्या धनीण होत्या.

श्रावणाची झड लागली, अंगणाचे तळे जाहले, आणि पंतांनी कन्येच्या पावलांचे रक्षणार्थ तांबडे गमबूट आणिले. आता मुलांची वस्तू मापाची घेऊ नये, वाढत्या अंगाची घ्यावी, हा आम्हां लोकांचा पिढीजाद रिवाज, त्यामुळे बूट ऐसे ऐसपैस की एकाच बुटात दोन्ही पावलांचा मुक्काम सुखाने पडावा. मग मातोश्रींनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या काढिल्या, आणि बुटांच्या नाकात ठासून भरिल्या, आणि बूट पायी बसले. परंतु मातोश्रींनी लगोलग फर्माविले की, आजचा दिवस मिरवून घ्यावे, पायांतून निघाले की माळ्यावर टाकू, पुढल्या पावसाळ्यात मापाचे होतील.

हे फर्मान शुभाबाईंचे काळजास झोंबले. त्यांनी कोणास न सांगता मसलत केली. बूट निघाले तर माळ्यावर जातात, आणि उंबऱ्याचे आत पादत्राण नाही हा तर घरचा कायदा, तस्मात् उंबरा ओलांडणेच नाही!

मग शुभाबाई अंगणीच्या तळ्यात उतरल्या, आणि कागदी होड्यांचे आरमार पाण्यात लोटून मध्यभागी खांबासारख्या उभ्या राहिल्या. दुपारचा वरणभातही पायरीवर उभ्यानेच जाहला, आणि पुन्हा स्वारी पाण्यात. शेजारच्या वनमालाबाई, मूळच्या मालवणच्या, गॅलरीतून ओरडल्या, "गो चेडवा, पाय कुजतले तुजे!" त्यावर शुभाबाईंनी वर न पाहताच उत्तर दिले, "मी बूट घातलेत, काकू!"

वसुधाबाई जात्याच सावध. मुलीस शिंक आली की थर्मामीटर, खोकला आला की लोकरीचा मफलर. त्या चुलीपाशी असोत की मोरीपाशी, घडोघडी खिडकीशी येऊन टेहळणी करीत, आणि अंगात रेनकोट, पायांत बूट, ऐसा चोख बंदोबस्त पाहून समाधान पावत. परंतु गनीम बुटांतच शिरला होता. तळ्याचे पाणी बुटांच्या काठावरून आत आले, आणि चिंध्यांनी त्यास आश्रय दिला, आणि दिवसभर गार पाण्याचा वेढा पावलांभोवती आवळत राहिला, आणि बाहेरून तांबडे बूट हसत होते.

दिवेलागणीस पंत कचेरीतून परतले, तो कन्या पायरीवर अडखळून बसली आणि नवलाने म्हणाली, "आई, माझे पाय कुठे गेले गं?"

वसुधाबाई हातातील भांडे टाकून धावल्या. पंतांनी बुटास हात घालताच शुभाबाईंनी दोन्ही बूट कवटाळून आकांत मांडिला. "नाही काढणार! आजी माळ्यावर टाकेल!" तेव्हा कोठे दिवसभराचे राजकारण उघड जाहले. मग पायरीवरच तह ठरला की, बूट माळ्यावर जाणार नाहीत, कॉटखाली राहतील. मातोश्री म्हणाल्या, "बरं बाई, नाही टाकत. सोड आता."

"देवाशप्पथ म्हण."

"देवाशप्पथ. काय कारटी आहे!"

मग पंतांनी सर्व बळ एकवटले, बूट निसटला, आणि पंत बुटासह चिखलात उताणे जाहले. बुटातून पाणी आले, चिंध्या आल्या, आणि अखेर पाऊल आले. ते भिजल्या पोह्यासारखे पांढरे, सुरकुतलेले, फुगलेले आणि थंडगार. दुसऱ्याचीही तीच गत. वसुधाबाईंनी अंगठ्यास चिमटा काढिला. शुभाबाई आभाळाकडे पाहत म्हणाल्या, "काढ ना चिमटा. कधी काढणार?"

चिमटा तर काढून जाहला होता.

इतक्यात मातोश्री पेटती शेगडी घेऊन चालून आल्या, आणि पाय शेकण्याचा हुकूम सुटला. वसुधाबाईंनी कॉलेजात प्रथमोपचाराचे वर्गात ऐकिले होते की, बधिर अवयवास आग दाखवू नये, चोळूही नये. परंतु लग्नापासून सासूबाईंपुढे आमटीच्या मिठावरूनही त्यांनी 'नाही' म्हटले नव्हते. त्या बाईने त्या दिवशी शेगडी आणि लेक यांमध्ये आपला देह उभा केला.

"नको आई. तिला चटका कळणारच नाही. कातडी जळेल आणि ही हसत बसेल."

"अगं, चार पोरं वाढवली मी!"

"वाढवलीत ना? मग तिला मांडीवर घ्या तुम्ही. शेगडी तेवढी दूर न्या."

मग शेगडी माघारी गेली, आणि मातोश्रींनी नातीस घरात नेऊन मांडीवर घेतले. वसुधाबाईंनी मऊ धोतराच्या फडक्याने बोटांच्या बेचक्या एकेक करून टिपल्या, आणि ती पावले पदराखाली आपल्या पोटाशी धरिली, आणि त्या गारव्याने त्यांचे अंगावर शहारा आला तरी त्या हलल्या नाहीत. पंतांचा चहा निवून गेला. मातोश्रींचे ओठ स्तोत्र पुटपुटत होते. पंत छत्री उघडून डॉक्टर मार्तंडरावांकडे निघाले, ते अंगणाच्या फाटकापाशी पोचले असतील नसतील, तो घरातून किंकाळी उठली.

"आई गं! मुंग्या! आग होतेय पायाला! मेले मी!"

पंत छत्री टाकून धावत आले. "काय झालं? वसुधा, काय झालं?"

पावले लालबुंद जाहली होती, आणि वसुधाबाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "रडतेय हो! दुखतंय तिला! दुखतंय!"

मातोश्रींनी देवापुढे साखर ठेविली. मागाहून पंत डॉक्टरांस घेऊन आले, त्यांनी पाय पाहून मान हलविली, पाय कोरडे आणि उशीवर उंच ठेवावे, उतार पडेतो चालवू नये, ऐसे सांगितले.

येणेप्रमाणे दोन्ही पावले दाही बोटांसह गनिमाच्या कैदेतून सुटोन घरी दाखल जाहली, ही फत्ते येथे नमूद केली असे. त्या सायंकाळी शुभाबाई गळा काढून पुष्कळ वेळ रडल्या, आणि त्या घरात कोणीही त्यांस "गप्प बस" म्हणाले नाही.