भामरेनानांची कोजागिरी

भामरेनानांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा दोन मोठे पुरुष फोल्डिंगच्या खुर्च्यांवर बसून एकाच वेळी डावीकडे झुकत होते. त्यांच्या पुढच्या खुर्चीवर नाना स्वतः बसले होते. त्यांच्या हातात स्टीलचं जेवणाचं ताट होतं आणि ते दोन्ही हातांनी फिरवत ते ओरडत होते, "वळण! आता उजवं!" मागचे दोघे मुकाट्यानं उजवीकडे झुकले. दोघांच्या मध्ये पाण्यानं भरलेला प्लॅस्टिकचा कॅन होता. तो कलंडला. नानांनी ताट मांडीवर ठेवलं आणि खेदानं मान हलवली.

"सांडली," ते म्हणाले. "घाटात सांडली. या, शिंदे, बठा ना भो. तुमची सीट ती मागची."

ही सहलीची तालीम होती. सहल कोजागिरीला जायची होती, आणि कोजागिरीला अजून दीड महिना होता.

पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. आम्ही चौघेही ओझरच्या विमान कारखान्यात. मागच्या खुर्च्यांवरचे दोघे म्हणजे रिव्हेट मारणारा कुलथे आणि स्टोअरमधला जोसेफ. मी हिशेब खात्यात नुकताच लागलेला आणि पंचवटीत नानांच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायला आलेला. नाना तपासणी खात्यात होते. त्यांची सही झाल्याशिवाय तिथला एकही सुटा भाग पुढं सरकत नसे. हा अधिकार त्यांनी कारखान्याच्या फाटकाशी कधी ठेवलाच नाही. रोज घरी घेऊन यायचे. नारळ वाजवून सगळेच घेतात, नाना कुकर वाजवून घ्यायचे. कंपनीच्या बसमध्ये चढण्याआधी वाकून चारही चाकं बघायचे, आणि ड्रायव्हर रोज एकच शिवी मनातल्या मनात द्यायचा. लग्नाच्या पंगतीत जिलबी आली की तिचा एक तुकडा मोडून उजेडात धरायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "आधी चाचणी. मग उड्डाण."

मूळचे सटाण्याकडचे. बोलायचे आपल्यासारखंच, पण गडबडले की अहिराणी बाहेर यायची.

त्यांची सहल साधी नव्हती. नानांचं म्हणणं असं, की कारखान्यातली बाटली सगळीकडे सारखीच असते, तिच्यात बघण्यासारखं काय? खरी दारू हातची. ती पाड्यागणिक बदलते, बाईगणिक बदलते. वणीच्या पुढं सुरगाण्याच्या बाजूला जी मोहाची काढतात, तिच्यात तीन घरं तीन चवींची. पावसाळा संपला की डोंगर अजून हिरवे असतात, आभाळ धुतलेलं असतं. वाटेत तिन्ही घरी थांबायचं, चव घ्यायची आणि रात्री सापुताऱ्याला कोजागिरीचं चांदणं बघत मुक्काम करायचा. सगळं जग त्या रात्री दूध पितं, आपण पहिल्या धारेची प्यायची. ही कल्पना सांगताना नानांचे डोळे चमकायचे.

हातभट्टीवर बंदी होती आणि आम्ही सगळे नोकरदार. मी भीत भीत तसं म्हणालो. नाना म्हणाले, "म्हणून तर तपासून घ्यायचं."

आणि त्यांनी खरोखरच तपासलं. रविवारी पहाटेची एसटी धरून ते एकटे पाहणीला जायचे आणि दिवेलागणीच्या आत परत यायचे. सोमवारी बसमध्ये अहवाल असायचा. "बोरगावच्या अलीकडची पातळ आहे, पण घशाला लागत नाही. पुढच्या पाड्यावर गूळ घालतात, तिथं थांबायचं नाही, नुसतं राम राम करायचं. खरी चीज हातगडच्या पायथ्याची. म्हातारी नुसत्या फुलांची काढते." कुलथ्यानं विचारलं, "किती घेतली नाना?" नाना दुखावले. करंगळीचं टोक बुडवून जिभेला लावलं होतं फक्त. तपासणारा माणूस पीत नसतो, असं त्यांचं तत्त्व होतं. एकदा छोट्या बाटलीत नमुना आणला आणि घरी चमच्यात ओतून काडी लावून बघितला. ज्योत निळी आली, म्हणजे माल शुद्ध होता. पण बघायला ते इतके वाकले की डावी भुवई गेली. दोन महिने नाना एका बाजूनं सतत आश्चर्य वाटल्यासारखे दिसत होते.

अशी दोन वर्षं तयारी झाल्यावर एका तालमीत जोसेफ खाली बघत म्हणाला, "नाना, सापुतारा गुजरातमध्ये येतं."

"मग?"

"गुजरातमध्ये कडक दारूबंदी आहे."

नानांच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "हाई काय नवीनच!" एवढं म्हणून ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. इतकं तपासणाऱ्या माणसाला राज्याची हद्द दिसली नव्हती. पण पुढच्या रविवारी नवा बेत तयार होता. झोपायचं गुजरातमध्ये, प्यायची महाराष्ट्रात. हातगड आपल्या हद्दीत. तिथं बसायचं आणि मग चालत नाका ओलांडायचा.

"पण नाना," कुलथे म्हणाला, "पोटात गेलेली? तीही नाक्यावरून जाणारच की."

नानांनी विचार केला. "पोट महाराष्ट्राचं आहे," ते म्हणाले.

मग नाका ओलांडण्याची तालीम. गॅलरीत खडूनं रेघ मारली आणि दोन ग्लास कोकम सरबत पिऊन त्या रेघेवरून सरळ चालायचं ठरलं. पोलीस झाल्या वहिनी. नानांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. ठेंगणी, गोरी बाई, मूलबाळ नाही, पण घरात सतत कुणासाठी तरी काहीतरी तळत असायची. त्या लाटणं घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि अशा काही गरजल्या, "ए, तोंड उघड!", की जोसेफ खराच घाबरला. नंतर पदर तोंडाला लावून हसत बसल्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पाहिलाय ना सापुतारा? ढग खरंच पायाखाली येतात का हो?" मी पाहिला नव्हता, पण येतात म्हणालो.

कोजागिरी आली की मात्र नानांना काहीतरी सापडायचं. एका वर्षी भाड्यानं ठरवलेल्या जीपच्या स्टेपनीत हवा कमी होती. एका वर्षी मला खोकला होता आणि खोकणारा माणूस नाक्यावर संशयास्पद दिसतो. एका वर्षी दोन पंचांगांत पौर्णिमा वेगवेगळ्या रात्री निघाली, आणि चंद्राचीच खात्री नसताना निघायचं कसं? आम्ही चिडायचो, मग हसायचो. बिल्डिंगमध्ये सगळे म्हणायचे, भामऱ्यांचं विमान धावपट्टीवरच म्हातारं होणार. नाना हे ऐकायचे आणि भुवया खाजवायचे. चेष्टेचा राग त्यांना कधी आला नाही. माणूस भित्रा आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. कारखान्यातसुद्धा त्यांनी बढती नाकारली होती, कारण वरच्या जागेला पाळ्या होत्या. "मला रात्रीचं दिसत नाही नीट," असं साहेबांना सांगितलं होतं म्हणे.

एका कोजागिरीला आम्ही ठरवलं, आता विचारायचंच नाही. सकाळीच जीप दारात उभी केली. आश्चर्य म्हणजे वहिनींनी नानांची पिशवी आधीच भरून ठेवली होती. "न्या हो यांना," त्या म्हणाल्या. "मला काही होत नाही एका रात्रीत. जा म्हणते ना!" नानांनी टायर बघितले, ब्रेक बघितले, काही सापडलं नाही. शेवटी बसले.

वणी गेली, बोरगाव गेलं. नाना एरवी बडबडे, पण त्या दिवशी गप्प होते. संध्याकाळी हातगडच्या पायथ्याला म्हातारीच्या अंगणात बसलो. सगळे डोंगर सोनेरी झाले होते. म्हातारीनं पहिले थेंब भुईला वाहिले, मग आमच्यापुढं पेले ठेवले. तेवढ्यात रस्त्यावर नाशिककडे जाणारी शेवटची एसटी दिसली. नाना उठले, काही न बोलता धावत गेले, हात केला आणि चढले. पेला भरलेलाच होता.

"बायकोच्या पदराला बांधलेला आहे," कुलथे म्हणाला. त्या रात्री आम्ही नानांवर पोटभर हसलो.

सोमवारी बसमध्ये ते माझ्याशेजारी बसले. ओझर जवळ आलं तेव्हा हळूच विचारलं, "हातगडची कशी होती?"

"अप्रतिम, नाना."

"म्हटलं होतं ना," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले. पुन्हा सहलीचं नाव निघालं नाही. तालमीही बंद झाल्या. खरं सांगतो, त्या रविवारांची मला फार चुटपुट लागली. सहलीपेक्षा तालीमच आमची जास्त मजेची होती, हे तेव्हा कळलं.

पुढं कुलथे बंगळूरला बदलून गेला. जोसेफ वसईला मुलाकडे गेला. वहिनी कावीळ होऊन आठ-दहा दिवसांत गेल्या, ते चौऱ्याऐंशी साल. नाना त्यानंतर भाजीसुद्धा न निवडता घ्यायचे. त्याच वर्षी आश्विनात त्यांनी माझं दार वाजवलं. "शिंदे, चला. सापुतारा."

नाशिकच्या सीबीएस स्टँडवर ते एसटीत चढले ते चाकांकडे न बघता. मला बरं वाटलं नाही. हातगडला उतरलो. म्हातारी आता फार थकली होती, पण तिनं नानांना ओळखलं. "लय दिसानं आलास रं बाबा." नानांनी पेला घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि माझ्याकडे सरकवला. "तुम्ही घ्या." मी त्यांचाही घेतला. नाका आम्ही अगदी सरळ चालत ओलांडला. कुणी विचारलंसुद्धा नाही.

सापुताऱ्याच्या लॉजवर दुपारी मला गुंगी आली आणि मी आडवा झालो. जाग आली तेव्हा खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. पलंगाच्या दोन्ही बाजूंना खाली जमिनीवर उशा आणि गोधड्या अंथरलेल्या होत्या. टेबल भिंतीकडे सरकवलेलं. नाना खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ बसले होते, आणि त्यांच्या हातात अर्धा चिरलेला कांदा होता.

मला हसूच आलं. "नाना, हे काय? जेवण अजून व्हायचंय."

नानांनी कांद्याकडे पाहिलं. तो हातात कसा आला, हे त्यांनाही आठवत नसावं.

"तुम्ही घोरता घोरता थांबलात," ते म्हणाले. "सवयीनं उठलो. पिशवीतही सवयीनंच घातला गेला असणार." मग म्हणाले, "हिला झोपेत झटके यायचे. लग्नाआधीपासून. महिना महिना काही नसायचं, आणि मग एखाद्या रात्री यायचं. फार जोरात. पलंगावरून पडायची. दातखीळ बसायची, मग कांदा हुंगवायचा. औषधं चालू होती. पण कुणाला कळू द्यायचं नव्हतं तिला. कळलं असतं तर बायकांनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं असतं."

मी उठून बसलो. त्यांच्याच खालच्या मजल्यावर इतकी वर्षं मी रोज झोपत होतो.

"ती म्हणायची, तुम्ही जा. मी म्हणायचो, स्टेपनी बरोबर नाही. तिच्यामुळं अडलं असं तिला वाटायला नको ना. लोक मला हसायचे ते बरं होतं." ते उठले आणि खिडकीशी गेले. खाली दरीत ढग उतरले होते. तिकडेच बघत ते म्हणाले, "पण शिंदे, तिला बरोबर घ्यावं, जीपमध्ये मागं बसवावं, इथं आणून हे दाखवावं, हे मला एकदाही सुचलं नाही हो. मी राखायला होतोच की. इथं राखलं असतं. पण दारूची सहल, पुरुषांची सहल, त्यात बाई कशी, एवढंच डोक्यात. मनातलं ती कधी बोलली नाही आणि मी विचारलं नाही."

नाना परत येऊन खुर्चीवर बसले, एक गोधडी पायानं पलंगाजवळ सरकवली आणि म्हणाले, "झोपा तुम्ही. मी बसलोय इथं."

माझी झोप पार उडाली होती. तरी मी पुन्हा आडवा झालो आणि डोळे मिटून पडून राहिलो. त्यांना कुणालातरी राखायचं होतं.