कट्ट्याएवढी सायकल

रामूअण्णांना कुठलाही प्रश्न विचारला की उत्तरं दोन मिळत, आणि ती दोन्ही एकमेकांशी भांडत. सकाळी दारात दिसले म्हणून "अण्णा, चहा झाला का?" असं विचारावं, तर म्हणत, "झाला म्हणजे व्हय, झालाच. पण चहा म्हणावा असा न्हाय झाला बघा." मग पेल्यात नेमकं काय होतं, हे त्यांनाही सांगता येत नसे.

निपाणीत आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. मी शाळेत मास्तर, ते जकात नाक्यावर कारकून. ज्याला काही ठरवणं जमत नाही, त्याला नाक्यावर कुणी बसवलं कोण जाणे! एकदा सदलग्याहून कैऱ्यांची गाडी आली. कैरी फळात धरायची की भाजीत, यावर अण्णा अडले. "झाडाला लागती म्हणजे फळ. पण आमटीत पडती म्हणजे भाजी. पण मग चिंच बी..." मागे गाड्यांची रांग लागली. गाडीवानांनी बैल सोडले आणि ते सावलीला विड्याची पानं खात बसले. शेवटी कैऱ्यांचा मालक कानडीत "बिडरी साहेब, बिडरी", म्हणजे सोडा आता, म्हणत हात जोडायला लागला. अण्णांनी त्याला सोडलं. पण फळात धरून सोडलं की भाजीत, ते काही सांगितलं नाही.

असा माणूस एके दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, "मास्तर, सायकल करून घ्यायची हाय. रविवारी बेळगावला येता का?"

सायकल विकत घेतात हे मला माहीत होतं. "करून" घेतात हे नवीन होतं. बेळगावच्या कॅम्पात दस्तगीर मिस्त्री पोलादी नळ्या जोडून गिऱ्हाइकाच्या मापाची फ्रेम बांधून देतो, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. मला सायकल येते, म्हणून सल्ल्याला मी.

सर्व्हिस मोटारीत अण्णांनी कोटाच्या खिशातून सुतळी काढली. तिला जागोजागी गाठी. "मापं आणल्यात," म्हणाले. पण संकेश्वर येईपर्यंत कुठली गाठ कशाची, यात त्यांचाच घोळ झाला. "ही हाताची. न्हाय न्हाय, ही कट्ट्याची."

"कशाची?"

"कट्ट्याची. आमच्या दारातल्या."

मी खिडकीबाहेर बघत बसलो.

दस्तगीर मिस्त्री हयातभर गोऱ्या सोल्जरांच्या सायकली दुरुस्त करत आलेला. त्यानं एक जुनी सायकल पुढं ओढली. "बसा साहेब हिच्यावर. पाय कितपत पुरतो बघू, मग उंची धरू."

"बसायचं न्हाय मला," अण्णा म्हणाले.

"आँ?"

अण्णा सायकलच्या डाव्या अंगाला उभे राहिले. डावा हात हँडलवर, उजवा मागच्या कॅरिअरवर. फोटोला उभं राहिल्यासारखे ताठ. मग दोन पावलं पुढं चालले, दोन मागं आले. "वाकाय लागतंय. हँडल वर पायजे. आणि मागची बाजू लांब."

"मागं लांब केली तर गाडी जड जाती, साहेब. पळायची न्हाय."

"पळून कुठं जायचंय? म्हणजे जायचंय. पण पळत न्हाय."

मग सुतळी निघाली. कॅरिअर जमिनीपासून बरोबर या गाठीएवढं उंच पाहिजे. मिस्त्रीनं माप लावलं. "येवढं खाली? मग चाकं बारकी लावाय लागतील. तुमच्यासारखा उंच माणूस सर्कशीतला दिसंल त्याच्यावर. हे माप तरी कशाचं?"

"कट्ट्याचं."

मिस्त्रीनं मला बाजूला घेतलं. "मास्तर, ह्यांना कट्टा उचलून सायकलीवर घालायचाय काय?"

"मला काय विचारता?" मी म्हणालो. खरंच, मला काय विचारून उपयोग होता?

कॅरिअरला पाठ टेकायला जागा हवी म्हणाले. "कुणाची पाठ?" मिस्त्रीनं विचारलं. "टेकणाऱ्याची," अण्णा म्हणाले. खाली पाय ठेवायला फळी हवी. ती डावीकडं की उजवीकडं, यावर मात्र गाडं रुतलं. मी आणि मिस्त्री कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा पिऊन आलो, तरी अण्णा सायकलीभोवती फिरतच होते. एकदा या बाजूला उभे राहत, एकदा त्या. मग एकदम थांबले. "डावीकडं. डावीकडंच."

इतकं साफ उत्तर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

सायकल तयार होईपर्यंत गल्लीत तर्क चालू होते. कुणी म्हणे अण्णा नोकरी सोडून फिरतं दुकान काढणार. कुणी म्हणे उन्हानं डोस्कं फिरलंय. आमची ही दुपारी अण्णांच्या बायकोकडं, अंबूवैनींकडं, जाऊन बसे. आजारात पाय गेल्यापासून वैनींनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता. गल्लीत टांगा शिरत नसे, आणि पेठेपर्यंत चौघांनी उचलून न्यायचं म्हटलं की वैनी म्हणत, "चौघांनी उचलायचं ते एकदाच. आत्ता नको." हिनं त्यांना सायकलीचं विचारलं. वैनी म्हणाल्या, "त्यांच्या मनात काय हाय त्यांनाच कळंना, मला कुठलं कळतंय?"

सायकल मोटारीच्या टपावरून आली. अण्णांनी ती अड्ड्यापासून हातानं ढकलत आणली. पोरंटोरं ओरडत होती, "अण्णा, बसा की!" अण्णा म्हणत, "बसतो म्हणजे, न्हाय बसत." अण्णांना सायकल येत नाही, हे त्या दिवशी गल्लीनं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येतो, तर सायकल त्यांच्या कट्ट्याला खेटून उभी. कॅरिअर आणि कट्टा अगदी पातळीला पातळी. त्यावर वाकळेची घडी. अण्णांनी वैनींना काखेत हात घालून बाहेर आणलं, कट्ट्यावर बसवलं. वैनी एका पाटावरून दुसऱ्या पाटावर सरकावं तशा सरकल्या आणि कॅरिअरवर आल्या. पाय डावीकडच्या फळीवर, पाठ टेकलेली.

"अहो, लोक बघत्यात," वैनींनी पदर पुढं ओढला.

"बघू देत. न्हाय, नको बघू देत. चल."

मीही मागोमाग चालू लागलो. गल्ली संपली, पेठ आली, आणि वैनींचा पदर हळूहळू मागं सरकला. "अगंबाई, हितला पिंपळ तोडला व्हय? आणि हे दुकान कवा झालं?" तेव्हा अण्णा सांगत, "तोडला म्हणजे व्हय, तोडलाच. पण बुंधा हाय की." बांगड्यांच्या दुकानापुढं वैनींनी गाडी थांबवायला लावली आणि कासाराला म्हणाल्या, "मागल्या खेपेला ह्यांनी न्हेलेल्या बांगड्या कुणाच्या मनगटाच्या होत्या रं?" कासार हसला, वैनी हसल्या. अण्णा कासाराकडं बघत नव्हते.

मग रोज संध्याकाळी ही स्वारी निघायची. अण्णा घामाघूम होऊन परतत. मला राहवेना. एकदा पेठेतून येताना गाठून मी म्हणालो, "अण्णा, सायकल अवघड नाही हो. आठवड्यात शिकवतो तुम्हाला. पुढं बसून चालवलीत, तर वैनींना लांबवर नेता येईल, तुमची पायपीट वाचेल."

अण्णा थांबले. माझ्याकडं असे बघायला लागले, जणू या वेळी गोंधळ माझ्याच डोक्यात आहे.

"येती की मला सायकल," ते म्हणाले. "लग्नाआधी रोज चालवत हुतो. पण मास्तर, मी पुढं बसलो की ही मागं राहती. मग ही काय बघून हसली, ते मला कसं कळायचं?"